मेनोपॉजनंतर हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आईला अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू कराव्या का?

गोळ्यांची घाई नका करू. थिअरी खोटी नाहीये, पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्सचा ताण, जो अँटीऑक्सिडंट कमी करतात) वाढतो आणि हाड झिजवणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट जास्त जोरात कामाला लागतात, नवीन हाड बनवणाऱ्या मागे पडतात. पण गोळी खाल्ली अन् फ्रॅक्चर टळलं असा पक्का पुरावा नाही, बराचसा उत्साह उंदरांवरच्या प्रयोगांचा आहे. उलट रेटिनॉलवालं व्हिटॅमिन ए वर्षानुवर्षं जास्त गेलं तर हाडांनाच बाधू शकतं, तेव्हा मल्टीव्हिटॅमिनच्या डब्याची मागची बाजू वाचा.

आणि नागपुरात राहून व्हिटॅमिन सी ची कॅप्सूल कशाला हो? सीझनला संत्री, नाहीतर आवळा, पेरू. खरा प्रॉब्लेम कॅल्शियमचा, दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम लागतं आणि एका ग्लास दुधात जेमतेम 250 असतं, म्हणून दही, तीळ, नाचणी हेही पोटात जायला हवं. व्हिटॅमिन डी पण तपासून घ्या. आपल्याकडे ऊन मरणाचं, पण बायका बाहेर पडतात त्या स्कार्फ अन् हातमोजे घालून, मग डी मिळणार कुठून!

आई 65 च्या पुढे असेल, किंवा आधी साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल, तर डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करा. त्यातला टी-स्कोर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर डॉक्टरांना औषधाचं विचारा, आणि स्टेरॉईड चालू असेल तर तेही सांगा.