सोसायटीच्या ऑनलाइन बैठकीत एआय वापरून कागद सभासदांपर्यंत पोहोचवायचे असतील तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ८४ सदनिकांची सोसायटी, सर्वसाधारण सभेआधी सगळ्यांना माहिती द्यायला एक ऑनलाइन बैठक घ्यायची आहे. निम्मे लोक मोबाइलवरून येणार, काही दुबईतून, काही बंगळुरूहून. स्ट्रक्चरल ऑडिटचा (म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) इंग्रजी अहवाल ६२ पानांचा, शिवाय तीन ठेकेदारांची कोटेशनं. हे सगळं एआयच्या मदतीने बैठकीत आणि नंतर लोकांपर्यंत कसं न्यावं आणि त्यासाठी कुठलं ॲप घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी सात वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव होतो, त्यातली शेवटची तीन हेच करत होतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ॲपचं आधी उरकतो, कारण त्यात फारसं काही नाही. झूमचं पैसे भरून घेतलेलं खातं असेल तर त्यात एआय कम्पॅनियन सप्टेंबर २०२३ पासून जादा पैसे न घेता मिळतो. तो बैठकीचा सारांश काढतो आणि उशिरा आलेल्याला आतापर्यंत काय झालं ते सांगतो. गूगल मीटमध्येही टिपणं काढायची सोय आहे, पण ती सशुल्क खात्यांसाठी. टिपणांची फाइल बैठक बोलावणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाते. मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये हेच काम त्यांचा एआय, कोपायलट, करतो. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद पडते, एवढं ध्यानात ठेवा. तुमचे ज्येष्ठ सभासद ज्या ॲपला सरावले असतील तेच ठेवा. सारांश थोडा चांगला मिळेल म्हणून सत्तरीच्या माणसाला नवं ॲप उतरवून घ्यायला लावू नका.

खरं काम बैठकीच्या आधीच करायचं असतं. आमच्या पहिल्या ऑनलाइन सभेत मी खर्चाचं पत्रक स्क्रीनवर लावलं होतं, १४ रकान्यांचं. तळमजल्यावरचे एक काका फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "अरे, मला नुसत्या मुंग्या दिसतायत." वीस मिनिटं मी त्या मुंग्यांवर बोलत होतो, आणि शेवटी लोकांनी न वाचलेल्या आकड्यांना होकार दिला. ते मला आजही खुपतं. सहा इंची पडद्यावर कागद नुसता दाखवला तर तो पोहोचत नाही. म्हणून एआयचा पहिला उपयोग हाच करा: मोठ्या कागदातून फोनवर वाचता येईल असं एक पान काढायचं, मोठ्या अक्षरात, आडवा तक्ता न ठेवता, साध्या वाक्यांत.

त्यासाठी मी नोटबुकएलएम हे गूगलचं एआय साधन वापरतो. त्यात तुम्ही चढवलेल्या कागदांवरूनच तो उत्तर देतो आणि प्रत्येक विधानाला आकडा लावतो. त्या आकड्यावर टिचकी मारली की मूळ मजकूर समोर येतो. आपल्यासारख्यांना हे फार मोलाचं आहे. सूचना मी साधारण अशी देतो: "फक्त या अहवालात आहे तेवढंच लिही. प्रत्येक आकड्यापुढे पान क्रमांक दे. काम कुठल्या विंगमध्ये, कुठल्या मजल्यावर, ते गाळू नकोस. एखाद्या गोष्टीचं उत्तर अहवालात नसेल तर 'अहवालात नाही' असं लिही. शिफारस अभियंत्याची असेल तरच लिही, स्वतःची करू नकोस."

विंग आणि मजला न गाळण्याचा आग्रह ठेचा खाऊन आलेला आहे. आमच्या पहिल्या सारांशात "खांबांची दुरुस्ती तातडीची" असं आलं होतं. मूळ अहवालात ती बी विंगच्या पार्किंगमधल्या चार खांबांपुरती होती. वाक्य खोटं नव्हतं, पण ते तसंच गेलं असतं तर ए विंगमधल्या निम्म्या घरांची झोप उडाली असती. दुसऱ्या वेळी मी साध्या चॅटबॉटला विचारलं, तर त्याने "ऑडिट दर तीन वर्षांनी बंधनकारक" असं बाहेरून आणून घातलं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीला तीन वर्षांतून एकदा ऑडिट लागतं. आमची इमारत तेव्हा २२ वर्षांची. नियम खरा होता, पण आमच्या इमारतीला लागू नव्हता. अशी चूक भरभर वाचताना हाती लागत नाही.

मराठी करून घेताना शब्दांची यादी आधी द्या. आमच्याकडे एकदा बीमचा "किरण" झाला होता, आणि कॉलमचा एका ठिकाणी खांब तर दुसऱ्या ठिकाणी रकाना. आता मी सूचनेसोबत दहा-बारा शब्द लिहून देतो: बीमला बीमच म्हण, कॉलम म्हणजे खांब, स्पॉलिंग म्हणजे काँक्रीटचे पोपडे सुटणं, स्लॅब तसाच ठेव, सिंकिंग फंडाचं भाषांतर करू नकोस. बिल्डिंगमधली माणसं हे शब्द ज्या रूपात बोलतात त्याच रूपात कागदावर आले पाहिजेत. शुद्ध मराठी करण्याच्या नादात कागद परका करू नका.

ज्यांना वाचणं जड जातं त्यांच्यासाठी नोटबुकएलएममध्येच कागदावरून दोन आवाजांतला संवाद तयार करता येतो. एप्रिल २०२५ पासून ही सोय ५० हून जास्त भाषांत आहे, मराठीतही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरी असलेल्या आमच्या एका आजींनी तो ऐकून बैठकीत नेमका प्रश्न विचारला, की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमी कोणत्या ठेकेदाराने किती वर्षांची दिलीय. तो प्रश्न कमिटीतल्या एकालाही सुचला नव्हता. मात्र तो आवाज उत्साहाच्या भरात एखादी गोष्ट फुगवून सांगतो. म्हणून पाठवण्याआधी तो सबंध ऐका, अगदी कंटाळा आला तरी.

मूळ अहवाल आणि हे एक पान, दोन्ही एकत्र पाठवा. नुसतं पान कधीच पाठवू नका. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागतेच. कागद तिच्याबरोबर गेले तर लोकांना घरात बसून बोलायला दोन रविवार मिळतात. सारांश आला की लोक मूळ कागद उघडत नाहीत, अशी एक तक्रार असते. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. पान क्रमांक दिले की शंका असलेला माणूस तेवढं एक पान नक्की उघडतो. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदाने असंच पान ४१ उघडून कोटेशनमधल्या जीएसटीच्या बेरजेतली चूक पकडली.

आता प्रत्यक्ष बैठक. स्क्रीनवर एका वेळी एकच गोष्ट, मोठ्या अक्षरात. संपूर्ण स्क्रीन न दाखवता फक्त ती खिडकी दाखवा, म्हणजे मध्येच तुमचे व्हॉट्सॲपचे निरोप सगळ्यांसमोर येणार नाहीत. कागदांची लिंक चॅटमध्ये टाकली की काम झालं असं समजू नका. सहसा उशिरा आलेल्याला आधीचं चॅट दिसत नाही. एका सदस्याला एवढंच काम द्या, दर दहा मिनिटांनी लिंक पुन्हा टाकायची. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी बोलण्याची अक्षरं खाली उमटवणारी सोय चालू करा, पण तुमच्या ॲपमध्ये मराठी आहे का ते आदल्या दिवशी दोघांनी बसून तपासा. भाषा इंग्रजीवर राहिली तर आपल्या मराठीची जी अक्षरं उमटतात ती वाचून माणूस आणखी गोंधळतो.

आणि आकडे. आपण बोलतो पावणेदोन, सव्वातीन, अडीच, दीड. यंत्र इथे हमखास अडखळतं. आमच्या एका बैठकीत "पावणेदोन लाख" हे सारांशात "दोन लाख" म्हणून आलं, आणि "साडेसात टक्के"चे सात टक्के झाले. तेव्हापासून बैठकीत रक्कम बोलणाऱ्याने ती दोनदा सांगायची, एकदा आपल्या पद्धतीने आणि एकदा अंकवार: "पावणेदोन लाख, म्हणजे एक लाख पंचाहत्तर हजार." ऐकणाऱ्या माणसांनाही त्याचा फायदा होतो, विशेषतः दुबईत वाढलेल्या मुलांना, ज्यांना पावणे म्हणजे किती ते पटकन कळत नाही.

बैठकीनंतरच्या सारांशाबद्दल सगळ्यात जास्त सांभाळून लिहितो, कारण माझी मोठी चूक इथे झाली. दुरुस्तीच्या कामासाठी आलेल्या एका ठेकेदाराला आम्ही पहिल्या अर्ध्या तासापुरतं बोलावलं होतं. तो गेल्यावर आम्ही कमिटीचे लोक त्याच बैठकीत थांबून कुठपर्यंत वाटाघाट करायची ते बोललो. सारांश "सर्व निमंत्रितांना आपोआप" जावा अशी सेटिंग मीच कधीतरी करून ठेवली होती. रात्री साडेनऊला ठेकेदाराच्या ईमेलमध्ये आमचा जास्तीत जास्त आकडा पोहोचला. दुसऱ्या दिवशीचं त्याचं कोटेशन बरोब्बर त्या आकड्याला टेकलं होतं. सोसायटीचे पैसे माझ्या निष्काळजीपणाने गेले, आणि ते मला सभेत उभं राहून सांगावं लागलं. २०२४ मध्ये अमेरिकेत एका संशोधकाने जाहीरपणे लिहिलं होतं की गुंतवणूकदारांशी झालेल्या बैठकीनंतर तो निघून गेल्यावरचं त्यांचं खासगी बोलणंही टिपणाऱ्या एआयने त्याला ईमेल केलं. ते वाचून मला आमची ती रात्र आठवली. तेव्हा सेटिंगमध्ये सारांश फक्त यजमानाला जाईल असं ठेवा, बाहेरच्यांसाठी वेगळी लिंक काढा, आणि कमिटीचं बोलणं वेगळ्या बैठकीत करा.

सारांश हातात आला की तो एका माणसाने वाचायचा, आणि तो माणूस कोण हे आधीच ठरलेलं असावं. त्यात मी पहिल्यांदा "ठरलं" हा शब्द शोधतो. आपल्याकडे "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही, निदान आज तरी नाही. "हरकत नाही" म्हणजे कधी होकार, कधी नुसतं "बोला, ऐकतोय". यंत्राला दोन्ही होकारच वाटतात. आमच्या एका सारांशात पार्किंगचं शुल्क वाढवण्याचं "ठरलं" होतं, प्रत्यक्षात तिघांनी "बघू या की" म्हटलं होतं. ते तसंच गटावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी जिन्यात भांडणं झाली असती. शिवाय सारांश म्हणजे इतिवृत्त नव्हे. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणी नोंदवला, हे त्यात धड येत नाही. इतिवृत्त सचिवानेच लिहायचं, सारांश फक्त आठवायला समोर ठेवायचा.

गोपनीयतेवर थोडं. थकबाकीदारांची यादी, सभासदांचे फोन, ठेकेदारांचे पॅन आणि बँक खाती, यातलं काहीही कुठल्याही मोफत एआयमध्ये चढवू नका. कोटेशनची ती पानं काढून मगच फाइल द्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी शेजाऱ्याची थकबाकी बाहेर नेणं आपल्याला शोभलं नसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये झूमच्या अटींवरून मोठा गदारोळ झाला, त्यानंतर ग्राहकांचा आवाज, चित्र आणि चॅट एआय शिकवायला वापरत नाही असं त्यांनी अटींमध्ये घातलं. तुम्ही जे ॲप घ्याल त्याच्या अटींतली ही ओळ शोधून वाचा. ध्वनिमुद्रण बाहेर द्यायचंच नसेल आणि बिल्डिंगमध्ये एखादा संगणकातला जाणकार तरुण असेल, तर बोलणं ऐकून अक्षरांत उतरवणारं ओपनएआयचं व्हिस्पर स्वतःच्या संगणकावर चालतं, त्याला मराठी येतं. फक्त शांतता पसरलेल्या जागी ते कधीकधी कोणी न बोललेली वाक्यं घालतं, ती काढावी लागतात.

एखाद्या सभासदाच्या नावाने त्याचा टिपणं घेणारा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, बैठकीत यायला बघेल. त्याला प्रतीक्षा कक्षातच, म्हणजे यजमानाने आत घेईपर्यंत थांबायच्या जागी, थांबवा आणि त्या सभासदाला प्रेमाने विचारा. बहुतेकांना आपण तो पाठवलाय हेच माहीत नसतं, कॅलेंडरला जोडलेला असल्याने तो आपला आपण येतो.

शेवटी तुम्ही विचारलंय की हे एआयने केलंय असं लोकांना सांगावं का. हो, पानाच्या डोक्यावरच. आमची ओळ अशी असते: "हे पान मूळ अहवालावरून एआयच्या मदतीने तयार केले असून सचिवांनी मूळ पानांशी ताडून पाहिले आहे. फरक आढळल्यास मूळ अहवालच ग्राह्य." बैठकीच्या सुरुवातीला टिपणं घेणारा एआय चालू आहे हेही तोंडाने सांगा आणि कोणाची हरकत असेल तर तो बंद करा. आमच्याकडे एका बाईंनी हरकत घेतली होती, आम्ही त्या दिवशी वहीत लिहिलं.

तुमचा अहवाल स्कॅन केलेला आहे की अक्षरं निवडता येतात, ते एकदा बघून इथेच कळवा. स्कॅन असेल तर तक्त्यांमधले आकडे वाचताना तीनाचा आठ होतो, त्यासाठी पानं आधी वेगळ्या पद्धतीने तयार करावी लागतात. ती पद्धत लिहून देतो.