नातवाचा पूह आणि लायब्ररीतला पूह

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला चाललोय. नातू पाच वर्षांचा, विनी द पूह या गोष्टीतल्या अस्वलाच्या मागे नुसता वेडा. न्यूयॉर्कला म्हणे खराखुरा पूह ठेवलाय, ते खरंय का? आणि एका टेडीसाठी एवढी धावपळ करावी का? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, खरंय आणि जाच. फिफ्थ अॅव्हेन्यूवर ४२व्या स्ट्रीटपाशी दारात दोन संगमरवरी सिंह बसलेत ना, तीच न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, पूह तिथंच आहे. फक्त नातवाला आधी समजावून न्या, नाहीतर तो कार्टूनमधला पिवळाधमक, लाल शर्टवाला शोधत बसेल आणि काचेपुढे भोकाड पसरेल. हा पूह फिकट तपकिरी, केस झिजलेले, शर्टबिर्ट काही नाही. पूहचे लेखक ए. ए. मिल्न यांच्या कुटुंबानं १९२१ साली लंडनच्या हॅरॉड्समधून मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला घेतलेला, मग पोरानं जो काय लोळवला असेल तो असेल, आणि त्याच्यावरनं बापानं १९२६ मध्ये पुस्तक लिहिलं. गंमत म्हणजे पुस्तकातली पूहची चित्रं ह्याच्यावरनं काढलेलीच नाहीत, चित्रकार शेपर्डनं स्वतःच्या मुलाचं ग्राउलर नावाचं अस्वल बघून काढली, म्हणजे नाव ह्याचं आणि तोंड त्याचं!

सोबत गोष्टीतली बाकीची खेळणी, ईयोर गाढव, पिगलेट डुक्कर, कांगा कांगारू आणि टिगर वाघ आहेत. नातू कांगाचं पिल्लू रू कुठाय विचारणारच, तर तो १९३०च्या दशकात सफरचंदाच्या बागेत हरवला तो गेलाच. गोष्टीतलं घुबड आणि ससा मात्र शोधू नका, ती खेळणी कधी नव्हतीच, मिल्नच्या डोक्यातली.

ही मंडळी १९४७ मध्ये अमेरिकेला गेली आणि १९८७ पासून लायब्ररीकडे आहेत. १९९८ मध्ये एका ब्रिटिश खासदार बाईंनी ती परत मागितली होती, मिळाली नाहीत. कोहिनूर दाबून बसलेल्या देशानं टेडीसाठी गळा काढावा, आता काय बोलायचं! २०१६ साली डागडुजी झाली पण नवीकोरी नाही केली, हे मला फार आवडलं.

प्रवेश फुकट आहे, पण जायच्या आधी मुलीला वेबसाइटवर वेळा बघून स्लॉट घ्यायला सांगा. बसनं गेलात तर पोर्ट ऑथॉरिटीला उतराल, तेही ४२व्या स्ट्रीटवरच, तिथून नाकासमोर चालत जा. पाच वर्षांचं पोर काचेपुढे दहा मिनिटांवर टिकत नाही, लायब्ररीच्या मागेच ब्रायंट पार्क आहे, तिथे सोडा त्याला मोकळं.