बारीक सिगार अर्ध्यावर कडू का होतो

दुकानदाराने गळ्यात मारलेले पाच बारीक निकाराग्वन सिगार, म्हणजे मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातले. त्यातला पहिला एक तृतीयांश जळेपर्यंत झकास, मग तापला, कडू झाला आणि शेवटी तुम्हाला गरगरलं. आता उरलेले चार फेकायचे का, आणि पुढच्या वेळी दोन पैसे जास्त घालून जाडाच घ्यायचा का, हा तुमचा प्रश्न. फेकू नका. मला द्या म्हटलं असतं, पण तुम्ही सिअॅटलला आणि मी न्यू जर्सीत.

तुम्ही लिहिलेल्या मापावरून ती ३६ रिंगची पॅनेटेला आहे, म्हणजे लांब, बारीक सिगार, आणि तुम्ही ती रोबुस्टोच्या, म्हणजे आखूड, जाड सिगारच्या, सवयीने ओढलीत. मी पण हेच केलं होतं, आणि डेकवरून आत येऊन सोफ्यावर आडवा झालो होतो, म्हणून ठामपणे सांगतोय.

रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. ५० रिंगचा रोबुस्टो जवळजवळ २० मिलिमीटर जाड, आणि ३६ रिंगचा सिगार १४ मिलिमीटरच्या जरा वर. ऐकायला फरक सहाच मिलिमीटरचा वाटतो. पण धुराची वाट मोजायची तर गोलाचं क्षेत्रफळ घ्यावं लागतं, आणि तिथे बारीक सिगार जाड्याच्या निम्म्यावर येतो. तुमचा झुरका तेवढाच, वाट मात्र निम्मी. म्हणजे हवा निखाऱ्यावरून दुप्पट जोराने जाते आणि लोहाराच्या भात्यासमोर कोळसा फुलावा तसा तो फुलतो. त्यात धूर निवायला मधे तंबाखूही कमी. जाड सिगार तुमची घाई पोटात घालतो. बारीक घालत नाही, लगेच तोंडावर सांगतो. तुम्हाला जो कडवटपणा लागला तो बहुतेक त्या घाईचा होता.

म्हणून झुरका अर्धा करा. चहा गरम आहे हे माहीत असताना पहिला घोट जसा जपून घेतो, तेवढाच. दोन झुरक्यांत मिनिटभर तरी जाऊ द्या, दीड मिनिट गेलं तरी चालेल. मधेच विझला तर त्यात कमीपणा नाही. राख झाडायची, सिगारमधून बाहेरच्या दिशेने हलकी फुंकर मारून आतला शिळा धूर घालवायचा आणि पुन्हा पेटवायचा. बोटांना तो गरम लागायला लागला की समजावं, आपण धावतोय. अशा चालीने पॅनेटेला पाऊण तास सहज जाते. तुमची किती वेळात संपली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज वीस-पंचवीस मिनिटांचा आहे.

आता स्वस्ताईबद्दल. बारीक म्हणजे कमी तंबाखू, म्हणून स्वस्त, म्हणून हलका माल, असा एक सरळ हिशेब लोक मांडतात. तंबाखू कमी लागतो हे खरं, पण पुढचं काही जुळत नाही. वळायला बारीक सिगार जास्त अवघड. एस्तेलीच्या कारखान्यांत सहसा जोडीने काम चालतं: एक बोन्चेरो, जो आतली पानं जुळवून बाइंडरच्या पानात गुंडाळतो, आणि एक रोलेरा, बहुधा बाई, जी वरचं रॅपर चढवते. बोन्चेरोने जाड सिगारमध्ये एखादं पान इकडेतिकडे दाबलं तरी धूर बाजूने वाट काढतो. ३६ रिंगमध्ये बाजूच नसते. पानाची एक शीर आडवी गेली की सिगार तुंबला. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायांचे हात ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. तिथेही कौशल्य आहे ते ओढ मोकळी राहील एवढंच भरण्यात.

मग स्वस्त का? एक कारण फॅशन. अमेरिकन गिऱ्हाईक गेली काही वर्षं जाडाच्या मागे आहे, ६० रिंगचे सोटे हातोहात खपतात आणि बारीक सिगार फळीवर राहतात. मजा अशी की सिगार बनवणाऱ्यांना विचाराल तर त्यांतले बरेचजण स्वतःसाठी बारीकच उचलतात. रॅपर हे सगळ्यात निगुतीने वाढवलेलं पान, आणि सिगार जितका बारीक तितका धुरात रॅपरचा वाटा मोठा. ५० वरून ३६ रिंगला आलात की हा वाटा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. तुमच्या सिगारमध्ये जो कोकोसारखा सूर तुम्हाला सुरुवातीला लागला तो बराचसा त्या वरच्या पानाचा.

निकाराग्वाची पानं तिखट असतात हे तुम्ही वाचलं असेलच. पण सगळीकडची सारखी तिखट नाहीत. मनाग्वाच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर एस्तेली, तिथली माती काळी, जड, ज्वालामुखीची. तिथलं पान अंगाने दणकट आणि मिरीसारखं चढणारं. हाँडुरासच्या सीमेजवळ हलापा, तिथली माती तांबूस, हलकी. तिथलं पान गोडसर. कोन्देगा या दोघांच्या मधली, खडकाळ. आणि ओमेतेपे हे तर सरोवरातलं बेट, दोन ज्वालामुखींनी बनलेलं. चारही ठिकाणची पानं कमीजास्त करून सिगार जुळवतात. सगळी पानं एकाच देशातली असली की त्याला 'पुरो' म्हणतात.

माझं आजोळ निपाणीकडचं, त्यामुळे हे वाचताना मला कायम तिकडचं शिवार आठवतं. तंबाखूचं झाड फुलावर यायच्या बेताला शेंडा खुडायचा, मग बगलफूट काढत राहायची, म्हणजे सगळा जोर पानांत उतरतो. निकाराग्वातही तेच करतात. शेंड्याकडची पानं ऊन खाऊन जाड, तेलकट, कडक होतात. तिकडे त्यांना लिगेरो म्हणतात. मधली सेको, ती वासाला. तळातली वोलादो, ती नीट जळण्यासाठी. लिगेरो सावकाश जळतं म्हणून ते सिगारच्या अगदी मध्यभागी ठेवतात. बारीक सिगारमध्ये मध्यभाग असून असून किती असणार? लिगेरोची एखादी पट्टी मावते. ती नेमकी बसली तर सिगारला कणा येतो, आणि जरा बाजूला सरकली तर जळताना एक बाजू मागे राहते. तुमचा सिगार वाकडा जळला का? जळला असेल तर चिंता नको, मागे राहिलेली बाजू खाली करून धरा, बहुतेक वेळा आपोआप सरळ होतो.

आजोबांच्या ओळखीच्या वखारीत गेलं की डोळे चुरचुरायचे आणि ठसका लागायचा. सिगारच्या पानांचे ढीग लावून ती आतल्या आत तापू देतात, आंबवतात, तेव्हा असाच अमोनियाचा भपका येतो. हे काम नीट झालं नसेल तर तो भपका सिगारमध्ये राहतो आणि जिभेला टोचतो. चांगला स्वस्त आणि वाईट स्वस्त यातला फरक माझ्या मते इथे आहे, सिगारवरच्या कागदी पट्टीच्या सोनेरी छपाईत नाही. पाद्रोन या निकाराग्वन सिगार कंपनीची साधी मालिका मला म्हणून आवडते. चकचकाट नाही, पेटी साधी, पण पानं किमान अडीच वर्षं मुरवलेली. त्यांच्या पॅनेटेलाचं मापही तुमच्यासारखंच. होसे ऑर्लान्दो पाद्रोन क्यूबातून निर्वासित होऊन मायामीला आले, कोणीतरी दिलेल्या एका हातोडीवर सुतारकाम करून ६०० डॉलर साठवले आणि १९६४ मध्ये सिगार वळायला घेतले. १९७० मध्ये निकाराग्वात गेले. १९७८ मध्ये तिथला त्यांचा कारखाना उठावाच्या धामधुमीत जळाला. त्याच सुमारास क्यूबातल्या राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी ते एका शिष्टमंडळातून हवानाला गेले, तिथे कॅस्ट्रोला सिगार दिल्याचा फोटो छापून आला, आणि मायामीतल्या संतापलेल्या क्यूबनांपैकी कोणीतरी त्यांच्या तिथल्या जागेवर बॉम्ब टाकले. एकदा नाही, अनेकदा. वर १९८५ ते १९९० निकाराग्वावर अमेरिकेची व्यापारबंदी. एवढं होऊनही माणसाने धंदा सोडला नाही. हातोडी अजून त्यांचं चिन्ह आहे.

दुसरा सुचवायचा तर होया दे निकाराग्वा या कंपनीचा 'अंतान्यो' लान्सेरो, तोही लांब, बारीक. १९६८ चा कारखाना, देशातला सगळ्यात जुना. साडेसात इंच, ३८ रिंग. पण हा तुम्हाला आत्ता नको. अंगावर येतो. जेवून, बसून, आणि एखाद्या वर्षाने.

कापण्या-पेटवण्याचं थोडक्यात. टोपी, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावरचं पान, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उडवा. गोल भोक पाडणारा पंच बारीक सिगारला वापरू नका, टोपी फाटते. पेटवण्याआधी कोरडा झुरका घेऊन बघा. स्ट्रॉने दही ओढल्यासारखं वाटलं तर बोटांनी हलकेच चाचपा, कुठे गाठ लागली तर तिथे अलगद चोळा. जेट लायटर या १४ मिलिमीटरच्या तोंडाला फार होतो, आधीच करपवतो. लाकडी काडी घ्या, गंधक जळून जाऊ द्या आणि टोक ज्योतीच्या वर धरून शेका, पापड भाजतो तसं फिरवत.

चवीसाठी इंग्रजी यादी समोर ठेवू नका. 'लेदर' आणि 'सीडर' शोधत बसलात तर सापडणारही नाही. मला निकाराग्वन पॅनेटेलात पहिल्या इंचात मिरी लागते, मग भाजलेलं सुकं खोबरं, मधे कधीतरी करपायच्या अलीकडचा गूळ, आणि शेवटाकडे कडक कोरा चहा. धूर तोंडात असताना थोडासा नाकातून सोडलात तर यातलं निम्मं तिथे कळतं. थोडासाच, नाहीतर फोडणीत मिरची जळल्यासारखं होईल. बरोबर कोरी कॉफी उत्तम. व्हिस्की मला पटत नाही, बारीक सिगारचा आवाज ती दाबून टाकते. रमच हवी तर त्याच मातीतली फ्लोर दे कान्या आहे.

गरगरण्याचं कारण वेगळं. तुम्हाला तंबाखू लागली. सिगारचा धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं, आणि भराभर ओढलं की भराभर जातं. रिकाम्या पोटी तर कधीच नको. लागलीच तर सिगार खाली ठेवा, गुळाचा खडा किंवा साखर तोंडात टाका, पाणी प्या, पडून राहा. मला बायकोने न बोलता गूळ आणून दिला होता, ती न बोलता आली हेच जास्त लागलं. छातीत घेत नाही म्हणजे धोका नाही, असंही कोणी सांगेल, ऐकू नका. आजोळी तोंडाच्या कॅन्सरने गेलेली माणसं मी पाहिली आहेत. माझे महिन्याला दोन ठरलेले आहेत, तिसरा नाही.

आता ते चार. माझा संशय आहे की ते दुकानातून आले तेव्हा ओलसर होते. ओला बारीक सिगार फुगतो, ओढ घट्ट होते, माणूस जोर लावतो आणि वर सांगितलेलं सगळं घडतं. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, त्यात ६५ टक्क्यांची आर्द्रतेची पुडी टाका आणि तीन आठवडे विसरून जा. बारीक सिगार ओल लवकर घेतो तशी लवकर सोडतोही, त्यामुळे सिअॅटलला हीटर चालू असताना उघडा ठेवलात तर आठवड्यात वाळून रॅपर तडकेल. गावी कोणाला नेऊन देणार असाल तर नागपूरच्या उन्हाळ्यात हीच गत, आणि मुंबईच्या पावसाळ्यात उलटी: बुरशी आणि किडा. किडा तोच, घरात हळकुंडांना टाचणीएवढी भोकं पाडणारा. सिगारला तसं भोक दिसलं तर बाकीचे पिशवीत बांधून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, एक दिवस साध्या फ्रीजमध्ये, मग बाहेर.

तीन आठवड्यांनी एखाद्या रविवारी पोहे खाऊन झाल्यावर एक काढा. फोन आत ठेवा. शेवटचे दोन इंच सोडून द्या, चिरडू नका, रक्षापात्रात आपोआप विझतो. तोही कडू निघाला तर उरलेल्या तिघांपैकी एक मधोमध उभा चिरून बघा आणि पानं कशी घातलीत त्याचा फोटो मला पाठवा. एखादी जाड शीर आडवी गेलेली दिसली, तर मग माझं अर्धं उत्तर मागे घेतो.