बटण त्यालाच लावू दे

अगं, साडेतीन वर्षांचा आहे ना तुझा मुलगा? त्याला शर्टाची बटणं स्वतः लावायला शिकवायचंय, मग आधी एवढंच कर, सकाळी त्याला दहा मिनिटं लवकर उठव. बहुतेक वेळा आपण बटणं लावून देतो ती रिक्षा दारात उभी असते म्हणून. त्याला जमत नाही म्हणून नव्हे.

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत बटणं, नाड्या लावलेल्या लाकडी चौकटी असतात, मुलं त्यांवर हात बसवतात. तू घरी मोठ्या बटणांचा बाबाचा जुना शर्ट दे. सुरुवात खालच्या बटणापासून, कारण ते त्याला दिसतं. आणि तू नुसती शेजारी बस. हेच सगळ्यात अवघड. माझ्या लेकीला पहिलं बटण लागायला आठवडा गेला, तिच्या आजीला तर ते बघवेना.

तो रडकुंडीला आला की "आण इकडे" म्हणू नकोस. "कुठे अडलं?" एवढंच विचार आणि थांब. उत्तर सावकाश येतं. भुकेला किंवा पेंगुळलेला असेल तर मात्र सरळ मदत कर, त्यात काही बिघडत नाही.

आणि हो, फरशी पुसायचं फडकं त्याच्या हाताला येईल अशा खुंटीवर टांग. काही सांडलं तर तेही त्यालाच पुसू दे.