‘नॉट’ म्हणजे नक्की काय? ‘नॉट पर अवर’ म्हणणं बरोबर आहे का?

नाही, ‘नॉट पर अवर’ चूक. नॉट हेच वेगाचं एकक आहे: तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. ‘तासाला’ त्यात आधीच आलेलं आहे.

शब्दाचा मूळ अर्थ साधा, गाठ. आणि ती गाठ खरोखरची होती, हे मला फार आवडतं. शिडाच्या जहाजावरून खलाशी दोरीला बांधलेली लाकडी फळी पाण्यात टाकायचे. फळी जवळजवळ जागीच राहायची, जहाज पुढे जायचं आणि रिळावरची दोरी सुटत जायची. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. एकाने २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दुसऱ्याने हातातून सरकणाऱ्या गाठी मोजायच्या. वाळू संपेपर्यंत पाच गाठी गेल्या, तर वेग पाच नॉट.

विमानांसाठी आणि वाऱ्यासाठीही हेच एकक चालतं. आपल्या हवामान खात्याच्या व्याख्येत वारा ३४ नॉटला (ताशी साधारण ६३ किमी) पोचला की ‘चक्रीवादळ’. म्हणून कोकणात इशारा वाचताना वेग नॉटमध्ये दिला असेल, तर किलोमीटरसाठी आकडा दुप्पट करा आणि थोडा कमी करा: ५० नॉट म्हणजे ताशी जवळपास ९३ किलोमीटर.