आधी मूळ सस्पेन्शन नीट करा, स्प्रिंगचं नंतर बघा

तुम्ही विचारलंय : २०१४ची स्विफ्ट, ९० हजार किलोमीटर झालेत, पुण्यात रोज कात्रज ते कोथरूड. खड्ड्यांत पुढून खडखड येते, वळणावर गाडी जास्त कलते. पुढच्या दोन चाकांना लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) आणि भारीतले शॉकअप बसवावेत का?

आत्ता नका बसवू. आणि फक्त पुढे तर कधीच नको.

मी हा खर्च करून बसलोय म्हणून इतकं ठाम सांगतो. माझी गाडीही तुमच्याच पिढीतली, २०१२ची. ८५ हजारांच्या सुमारास खडखड सुरू झाली आणि कारण न शोधता मी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणल्या. शॉकअप जुनेच ठेवले. वळणावर गाडी ताठ वाटायला लागली, पण खडखड तशीच राहिली, कारण ती लिंक रॉड या छोट्या जोडदांडीची होती. आधीच थकलेले शॉकअप आता सतत दबलेल्या अवस्थेत काम करत होते. पाच महिन्यांत दोन्ही गळाले. पुढच्या टायरांची आतली कड झिजून तारा दिसायला लागल्या. मागे आई-बाबा बसले की सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायचं. शेवटी मूळ स्प्रिंग परत बसवल्या.

९० हजार किलोमीटरनंतर तुम्ही ज्या सस्पेन्शनला कंटाळला आहात, ते कंपनीने दिलेलं सस्पेन्शन राहिलेलंच नाही. ते त्याचं झिजलेलं रूप आहे. नवी असताना गाडी कशी बसायची हे आपण विसरतो, कारण झीज रोज थोडी थोडी होते.

म्हणून आधी आवाज ओळखा. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली की शांत, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की खडखड, असं असेल तर पहिला संशय जंपिंग रॉडच्या (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा आडवा रॉड) लिंकवर, म्हणजे त्याच लिंक रॉडवर घ्या. दोन्ही चाकं सारखी वर गेली की तो रॉड पिळला जात नाही, म्हणून लिंकही बोलत नाही. ही स्वस्तातली गोष्ट आहे आणि अर्ध्या तासात बदलते. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर स्प्रिंग झटका देऊन ‘टण्ण’ वाजत असेल, तर शॉकअपचं वरचं माउंटिंग (बॉडीला जोडणारा भाग) किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. ब्रेक मारताना किंवा क्लच सोडताना ‘थड’ असा एकच आवाज येत असेल, तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबराचे तुकडे, बघायला सांगा. आर्मला चाकाशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटमध्ये खेळ (ढिलेपणा) सापडला तर मात्र एक दिवसही थांबू नका. तो सुटला की चाक बाहेर दुमडतं.

शॉकअपचं बघायचं तर चाकामागे हात घालून त्याची नळी तेलकट ओली आहे का ते तपासा. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, दोन-तीन वेळा डुलली तर शॉकअप संपलाय. पण यात गाडी स्थिर राहिली म्हणजे शॉकअप चांगलाच असं धरू नका, कारण तुमच्या हाताचा वेग खड्ड्याच्या धक्क्याइतका नसतो. आपल्या छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब असतो. त्यात शॉकअप नुसता धक्का जिरवत नाही, चाकाला वरून धरूनही ठेवतो. म्हणून तो ढिला झाला की टायर खातो आणि स्टिअरिंगही बिघडवतो.

टायरही विसरू नका. बाजूला कोरलेले चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. रबर कडक झालेलं असेल, किंवा पंपावर नेहमी जास्त हवा भरून घेत असाल, तर नवे शॉकअप टाकूनही गाडी दणकेच देईल. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं.

आता सर्वांत महत्त्वाचं, कारण पैसे इथेच वाया जातात. लोअर आर्म बदलताना गाडी लिफ्टवर असते, चाकं लोंबकळत असतात आणि मेकॅनिक तिथेच बुशचा बोल्ट घट्ट आवळून टाकतो. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं की गाडी जमिनीवर आल्याक्षणी ते पिळलेलंच राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. चांगल्या कंपनीचा आर्मसुद्धा असा वर्षभरात फाटतो आणि आपण पार्टला नावं ठेवतो. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा किंवा आर्मखाली जॅक देऊन वजन आणा, आणि मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळणारा पाना) आवळा. काम देण्याआधी मेकॅनिकला हे विचारा. माझ्या दुसऱ्या वेळच्या मेकॅनिकने मी काही बोलायच्या आधीच आवळण्यासाठी गाडी चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर घेतली, तेव्हा मी निर्धास्त झालो.

‘आफ्टरमार्केट’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे मूळ मापाचेच, पण सुट्या बाजारात मिळणारे पार्ट. गॅब्रिएल, मनरो, केवायबी ही त्यातली ओळखीची नावं. गॅब्रिएलचा तर कारखानाच आपल्या चाकणला आहे. हे बिनधास्त वापरा. नाना पेठेच्या पार्ट बाजारात घेत असाल तर पक्कं बिल घ्या, सीलबंद खोका स्वतःसमोर उघडा, आणि शॉकअप नेहमी जोडीनेच बदला. माझ्या गाडीला दोन्ही शॉकअप, माउंटिंग, लोअर आर्म, लिंक आणि ॲलाइनमेंट मिळून पंधरा हजारांच्या आसपास लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीचा स्वभाव बदलणारे पार्ट : लोअरिंग स्प्रिंग, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच), पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकचे बुश. हे वाईट नाहीत, पण तुमच्या रोजच्या रस्त्याचा विचार करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच होता. आपल्या गल्ल्यांतले अरुंद, टोकदार उंचवटे आठवा. तुमच्या स्विफ्टच्या पोटाखाली १७० मिलिमीटर मोकळी जागा आहे. त्यातले ३० गेले आणि वर चार माणसं बसली तर काय उरतं? पॉलियुरेथेनचा बुश टिकतो, पण रस्त्याची थरथर थेट केबिनमध्ये आणतो आणि ग्रीस सुकलं की कुरकुरतो. रोज खड्ड्यांतून जाणाऱ्याला रबरच बरं.

फक्त पुढून कडक करण्याला माझा सर्वांत जास्त विरोध आहे. वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर जातं. पुढच्या स्प्रिंग कडक केल्या की त्या वजनाचा मोठा वाटा पुढचं बाहेरचं टायर उचलतं आणि त्याची पकड आधी सुटते. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. पावसात कात्रज घाट उतरताना हे अनुभवायची वेळ तुमच्यावर येऊ नये, असं मनापासून वाटतं.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकावर दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो, तो भाग वेगळाच.

तेव्हा या महिन्यात लिंक, माउंटिंग, बुश तपासून जे गेलंय ते मूळ मापाचं टाका, ॲलाइनमेंट करा आणि दोन महिने चालवा. त्यानंतरही वळणावरचं कलणं खुपत असेल, तर चारही चाकांचा, स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठीच बनवलेला संच बघा, आणि बसवण्याआधी तसाच संच असलेल्या कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर बसून तुमच्याच रोजच्या रस्त्याने एक फेरी मारा.