हिवाळ्यात फ्रान्समधील नीस शहराची सहल कशी आखावी?

समुद्रात उतरता येणार नसेल, तर थंडीत नीसला जाण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नक्कीच आहे, कारण हे शहर वाढले तेच मुळी हिवाळी पाहुण्यांमुळे, आणि त्याच वारशासाठी युनेस्कोने २०२१ मध्ये त्याला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. जानेवारीत दुपारचे तापमान साधारण १३ अंशांपर्यंत जाते. मात्र सूर्य लवकर मावळत असल्याने भटकंती सकाळीच सुरू करावी. शक्य असल्यास फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडावा, कारण तेव्हा नीसचा कार्निव्हल आणि जवळच्या मांतों गावातील लिंबू महोत्सव, जिथे संत्र्या-लिंबांचे भलेमोठे पुतळे उभारतात, एकाच फेरीत पाहता येतात. त्या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात, म्हणून खोली आधीच ठरवावी. कूर सालेया या चौकातील फुलांचा आणि भाज्यांचा बाजार सोमवारी नसतो. जुन्या शहरातला सोका, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे, भट्टीत कडा करपेपर्यंत भाजलेले पातळ धिरडे, मिरपूड भुरभुरून गरमागरमच खावे. शाकाहारी माणसाची त्याने उत्तम सोय होते. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा ते काम शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नये.